एक लाल रेघ

"आई, घटस्फोट झाला. योनास त्याच्या आईकडेच राहणार. आपण कुणी त्याला मेलसुद्धा करायची नाही, म्हणते ती." जर्मनीहून कुमुदताईंचा मुलगा फोनवर सांगत होता.

नातवाला मराठी येईना, म्हणून कुमुदताई सत्तरीत जर्मन शिकल्या होत्या. काँप्युटरच्या लिनक्स प्रणालीत मराठीशेजारी शुद्धलेखन तपासणारा जर्मन शब्दकोशही त्यांनीच बसवला होता. योनासला मेल लिहिताना शब्द चुकला की खाली लाल रेघ यायची. त्या सगळ्या चुका सुधारायच्या, एक मात्र मुद्दाम ठेवायच्या. मग "आजी, चुकलीस!" असं त्याचं जर्मनमधून उत्तर हटकून यायचं.

आता कुणासाठी ठेवायचा? त्यांनी शब्दकोश काढायची कमांड दिली.

"नक्की काढू?" काँप्युटरनं विचारलं.

त्यांनी 'नाही' दाबलं. कोरं पान उघडून योनासला चार ओळी लिहिल्या. पाठवायच्या नव्हत्याच. तरी शेवटच्या शब्दाखालची लाल रेघ त्यांनी तशीच राहू दिली.