हर्षदाची फेरी

शहाण्णव साली उधन्यातल्या कापड कारखान्यांची सायकल स्पर्धा तापीकाठच्या चिखलात भरली. पाच संघ, प्रत्येकात तिघं आणि सायकल एकच. एकाची फेरी संपली की सायकल पुढच्यानं घ्यायची. योगराजनं बायको हर्षदा आणि बहीण योगिता यांना संघात घेतलं, तेव्हा कारखान्यातले सोबती हसले होते. "चढावर खांद्यावर सायकल घ्यावी लागते भाऊ, पदर नाही!"

पहिली फेरी योगराजची. चढावर तो घसरून पडला आणि सगळ्यांच्या मागून, चिखलानं माखून परतला. सायकल देताना त्याला हर्षदाकडे बघवेना.

"पाचवा आलो गं."

"म्हणजे पुढे चारच आहेत ना?" हर्षदानं ओढणी कमरेला घट्ट बांधली. तिच्या सासूबाई सरलाबाईंनी लुगड्याच्या पदरानं हँडल पुसून दिलं. "जाय व माय, जाय!"

सपाटीवरच तिनं एकाला मागे टाकलं. चढाशी दोघं जण चिखलात रुतलेल्या सायकली ढकलत होते. हर्षदा खाली उतरली, सायकल सरळ खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मधून वर चढून गेली. छातीत दम मावत नव्हता, पण आता आपण थांबत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती परतली तेव्हा योगिता रेषेवर हात पुढे करून उभी होती. "वहिनी, पुढे किती आहेत?"

"एकच. तुझ्यासाठी ठेवलाय."

योगितानं तोही ठेवला नाही.