मागची जागा

मूर्तिजापूरच्या एका गोठ्यात गंजत पडलेली ती जुनी मोटारसायकल मी घरी आणली ती बायकोसाठी, कौशल्येसाठी. गुडघ्यांपायी तिचं कीर्तनाला जाणं दोन वर्षांपासून सुटलं होतं.

टाकी रंगवली, इंजिन खोलून बसवलं, मागची सीट रुंद करून घेतली. पण गाडीचं मागचं अंग मेलं दबलेलंच! कोणी ऐसपैस बसलं असावं, तसं. तीनदा शॉकअप बदलले. शेवटी ललित मिस्तरीच वैतागला.

"काका, स्प्रिंगा कोऱ्या हायेत. रिकामी गाडी दबते कावून, हे मले नका विचारू!"

आज संध्याकाळी वलगावात सप्ताहाचं कीर्तन. कौशल्या दुपारपासूनच साडी नेसून तयार. गाडी रस्त्यावर काढली, तर मागचं अंग तसंच खाली. माझं डोकंच फिरलं. मांडवात दाटी झाली की मी नेहमी जे ओरडतो, तेच तोंडून निघालं.

"माउली, पुढं सरका नं जरा! मांगच्यायले बसू द्या!"

मागचं अंग सावकाश चार बोटं वर आलं.

"जमलं रे पांडुरंगा!" म्हणत मी फाटक लावायला वळलो. कौशल्या एकीकडे पाय सोडून, रस्त्याकडे तोंड करून सीटवर बसली आणि आधाराला तिनं हात पुढं केला.

"अवो," ती म्हणाली, "तुमचा खांदा असा गार कावून लागून राहिला?"

माझ्या हातात अजून फाटकाची कडी होती.