एक व्होल्ट

पडद्यावर आकडा उमटला आणि गॉर्डीने तोंडाशी नेलेला कॉफीचा मग तसाच खाली ठेवला. पाऊण व्होल्टसुद्धा नाही.

त्याने घरून आणलेली मापं तपासायची पेटी बरोबर एक व्होल्ट देत होती. ती पेटी चुकणारी नव्हे. चुकत होता तो आर्विडच्या गॅरेजमधला ऑसिलोस्कोप, विजेची लहर पडद्यावर काढून तिचं माप सांगणारं ते अवजड धूड. बीव्हर्टनच्या कारखान्यात गॉर्डी आणि आर्विड दोघांनी मिळून ते घडवलं, तेव्हा त्याच्या तोडीचं यंत्र कुणाकडे नव्हतं. आता आर्विडने एकट्याने त्याला नवा पडदा बसवला होता, रखडत चालणारी डिस्क बदलली होती, फुगलेले कपॅसिटर काढून नवे घातले होते. पूर्वी हे यंत्र जागं होईपर्यंत माणसाची एक डुलकी व्हायची. आज बटण दाबल्याबरोबर हजर झालं.

"काय रे, दातखीळ बसली का?" आर्विड हसला. "बघ मार्नी, बोलती बंद केली की नाही याची!"

मार्नी, त्याची मुलगी, दाराशीच उभी होती. तिने कोटही काढला नव्हता. बापाने दोनदा शेगडी पेटती ठेवली होती आणि एकदा दुकानातून परतताना स्वतःचंच घर त्याला सापडलं नव्हतं. तिने सेलमच्या वृद्धाश्रमात खोली ठरवली. आर्विडने आकाशपाताळ एक केलं आणि शेवटी स्वतःच अट घातली: हे यंत्र मी एकट्याने दुरुस्त करतो. गॉर्डीने ठीक आहे म्हटलं, तर ती खोली सोडायची. एवढं करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं कुणी म्हणून दाखवावं.

"बॅटरीवाली चिप बदललीस?" गॉर्डीने हळूच विचारलं.

"मग? जुनी मरायला टेकली होती."

"आधी वाचून घेतलीस ना?"

"न वाचता कोण उपटतं लेका?"

प्रत्येक यंत्र जन्मतःच थोडं खोटं मोजतं. किती खोटं, ते कारखान्यात एकदा तपासून त्या चिपमध्ये भरून ठेवायचे. म्हणून आधी आकडे उतरवून घ्यायचे आणि मगच चिपला हात लावायचा. एकदा गेले की गेलेच, कारण ते पुन्हा काढणारी यंत्रणा कारखान्याने कधीच भंगारात घातली होती. 'आधी वाच, मग उपट' हा नियम आर्विडचाच. चुकणाऱ्याला तो महिनाभर अख्ख्या मजल्याची कॉफी करायला लावायचा. गॉर्डीनेही केली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान असं आर्विडच्या बाबतीत कधी कुणाला म्हणता आलं नव्हतं.

जुनी चिप कामाच्या बाकावरच्या बशीत पडली होती. उपटताना तिचे दोन तुकडे झाले होते.

"उतरवलेले आकडे दाखव बरं," गॉर्डी म्हणाला.

आर्विड शीळ घालत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेला. त्याने एक फोल्डर उघडलं, मग दुसरं. शीळ थांबली. "इथेच तर ठेवले होते," तो स्वतःशी पुटपुटला आणि पहिलंच फोल्डर पुन्हा उघडलं. गॉर्डीला ते बघवेना.

"गॉर्डीकाका, खरं सांगा," मार्नी म्हणाली. "जमलंय त्याला?"

पडद्यावरची रेघ सरळ होती, स्वच्छ होती. तिला काय कळणार होतं? उभ्या आयुष्यात गॉर्डीने आकड्यात कधी लबाडी केली नव्हती. पण आर्विड एका खोलीत बसून जेवणाच्या घंटेची वाट बघतोय, हे चित्र त्याला सोसवेना.

"तंतोतंत," तो म्हणाला. "नवं होतं तेव्हापेक्षाही झकास."

मार्नीने डोळे मिटून श्वास सोडला. तिलाही हेच ऐकायचं होतं, हे गॉर्डीला तेव्हा कळलं. "मग मी सेलमला फोन करते. खोली नको म्हणून सांगते," ती म्हणाली आणि पर्समध्ये फोन शोधू लागली.

"थांब."

आर्विड बाकाशी परत आला होता. त्याने पडद्यावरचा आकडा वाचला, पेटीला हात लावून पाहिला, पुन्हा आकडा वाचला.

"तंतोतंत?"

"आर्विड, जाऊ दे ना रे."

"माझ्या बाकाशी उभा राहून खोटं माप सांगितलंस, गॉर्डी." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "मला माहितीय, का सांगितलंस. तेच वाईट आहे."

"बाबा, झालं काय?"

"बिघडवलं मी ते. न वाचता चिप उपटली."

"बाबा, चूक कुणाच्याही हातून होते," मार्नी घाईघाईने म्हणाली. तिची मघाची सगळी कठोरता कुठल्या कुठे गेली होती. "विसरला असशील."

"विसरलो असतो तर चाललं असतं गं. मला वाचल्याचं आठवतंय. त्या खुर्चीत बसलो होतो, एकेक आकडा नीट उतरतोय का बघत होतो. अगदी स्पष्ट आठवतंय." त्याने बशीतल्या तुकड्यांकडे बोट दाखवलं. "आणि असं काही झालेलंच नाही."

आर्विडने वाकून डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नचा भिंतीतला प्लग काढला, ते स्टँडवरून उचललं आणि मुलीपुढे धरलं.

"सेलमची खोली राहू दे. हे घे. मुठीशी धर, पुढे तापलेलं आहे."