पायगुण

बहात्तर साली माझं बाळ सात महिन्यांचं होतं आणि पायाळू होतं. जन्मताना आधी पाय बाहेर आले, म्हणून त्याची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते, असं अख्ख्या अकोले तालुक्याचं ठाम मत. धिप्पाड माणसं आमच्या ओट्यावर पालथी पडायची. एका पैलवानानं पाय इतका ओढला, की बाळाचा घोटा सुजला. मी सासूबाईंवर चिडले, तर त्या म्हणाल्या, “लाथ मारून कुनाचा पाय झिजतो व्हय? बी.ए. झाली म्हनून लई शानी!”

मी तडक डॉक्टर धुमाळांकडे गेले. ते नुकतेच पुण्याहून कंबरदुखीच्या व्यायामांचं शिक्षण घेऊन आले होते. “वहिनी, निर्धास्त राहा,” ते म्हणाले. “सोमवारपासून तालुक्यातल्या डॉक्टरांना मीच शिकवतोय. कसं वाकायचं, ओझं कसं उचलायचं, सगळं. महिन्याभरात तुमचा ओटा रिकामा!”

सोमवारी दुपारीच दारात जीप थांबली. चार डॉक्टर उतरले. आता सासूबाईंची चांगली कानउघाडणी होणार, म्हणून मी त्यांना हौसेनं बाहेर बोलावलं.

मग चौघांनी मिळून धुमाळांना उतरवलं. ते कमरेत काटकोनात वाकलेले. “पोतं कसं उचलायचं, ते दाखवत होते,” एक जण पुटपुटला.

सासूबाईंनी ओट्यावर चटई टाकली.

“पडा पालथे, डागदरसायेब. अन् तुमी चौघं, नीट बघून शिकून घ्या.”