ड्राइव्हमधलं दगडफूल

फाइल्सची नावं पडद्यावर भराभर वर सरकत होती आणि प्रत्येक नावापुढे ‘काढून टाकली’ असं उमटत होतं. ते दोन शब्द तिच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग तिने ड्राइव्हची वायर उपटली.

चूक साधी होती. दर महिन्याला ती फोटो काढून आणायची, कॉम्प्युटरवर चढवायची आणि बॅकअपचं एकच बटण दाबायची: ‘ड्राइव्ह कॉम्प्युटरसारखा करा.’ आज कॉम्प्युटर नवा होता. त्यावर ‘दगडफूल’ नावाचं फोल्डर तिने हौसेने आधीच करून ठेवलं होतं, पण ते अजून रिकामं होतं. हाताला सवय होती, हाताने बटण दाबलं. ड्राइव्ह आज्ञाधारकपणे रिकामा होत गेला.

तिने वायर पुन्हा जोडली. आत काही उरलं नव्हतं. पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम चालवून पाहिला. नावं आली, पण फोटो एकही उघडेना.

कॉलेजमागच्या दगडी भिंतीवर वाढणाऱ्या दगडफुलाचे तेच डाग, शेजारी तीच मोजपट्टी, चार वर्षं. बिघडलेला प्रयोग पुन्हा करता येतो. मागच्या वर्षीच्या भिंतीचा फोटो आज काढता येत नाही.

जुना कॉम्प्युटर तिने गेल्या आठवड्यात वहिनीला देऊन टाकला होता. “हे बटण दाब, सगळं पुसलं जाईल, मग खुशाल वापर,” असं बजावून.

तिने फोन लावला.

“बोला वन्सं.”

“वहिनी, त्या कॉम्प्युटरचं ते बटण... दाबलंस का ग?”

“हे बघ, ओरडू नकोस. या रविवारी नक्की दाबणार होते.”

“म्हणजे दाबलं नाहीस?”

“अग, वेळ कुठेय? आधी पाहुणे, मग तुझ्या दादाच्या दाढदुखीचा तमाशा. पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाहीये. आत्ता दाबू का? थांब, चार्जर शोधते.”

“हात लावू नकोस! कशालाच हात लावू नकोस. मी येतेय.”

वहिनीकडे पिशवी इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाखाली सापडली, कॉम्प्युटर खरंच अजून आतच होता. जुना कॉम्प्युटर नेहमीसारखा कुरकुरत सुरू झाला. फोल्डर जागेवर होतं. तिने पहिला फोटो उघडला, शेवटचा उघडला, खात्री पटेना म्हणून मधलेही काही उघडले, आणि वळून वहिनीच्या गळ्यात पडली.

“अग, हो, हो! मी केलं तरी काय?”

“काही केलं नाहीस, म्हणूनच तर! तुझे उपकार कसे फेडू, वहिनी?”

“थांब, थांब. हे तुझ्या दादासमोर म्हण. अहो, ऐकलंत का? काही न केल्याबद्दल माझे उपकार मानतायत इथे!”

आतल्या खोलीतून फक्त एक कण्हणं आलं.

फोटो ड्राइव्हवर उतरू लागले. या वेळी तिने साधी प्रत काढायला लावली होती, आणि येताना आणखी एक कोरा ड्राइव्हही आणला होता. दोघी पलंगाच्या कडेला बसून निळी पट्टी सरकताना बघत राहिल्या.

“दाखव तरी, काय वाचवलं मी,” वहिनी म्हणाली.

तिने एका डागाचे फोटो उघडून दाखवले.

“हे काय? सगळीकडे तोच डाग. भिंतीला ओल आल्यासारखा.”

“तोच आहे. पण वाढतोय. वर्षाला एखादा मिलिमीटर.”

“वर्षाला?” वहिनीला ते फार आवडलं. “छान आहे की. कुणी मागे लागत नाही वाटतं त्याच्या.”

तिला हसू फुटलं. तिने बाणाचं बटण दाबून धरलं. एकामागून एक महिने पडद्यावरून धावू लागले. राखाडी कडा थरथरली, पसरली, दगडातल्या एका भेगेपाशी थबकली आणि तिला वळसा घालून पुढे निघाली.

वहिनीने तोंडावर हात ठेवला.

“अग बाई, जिवंत आहे की हे!”