गादीची ऊब

दोन महिने दारोदार फिरल्यावर हिला त्या परक्या शहरात जागा मिळाली, तीही अर्धी कॉट. रात्री कॉट हिची, दिवसा रात्रपाळी करणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीची. दोघींची कधी गाठच पडली नाही. संध्याकाळी कॉलेजातून येऊन ही आडवी व्हायची तेव्हा गादी अजून उबदार असायची, आणि पायथ्याशी दुसरीनं नीट घडी घालून ठेवलेलं ब्लँकेट.

"अख्खी कॉट मिळू दे गं बाई तुला," आई फोनवर म्हणायची. "रोज देवापाशी तेवढंच मागते."

आज गादी गारढोण लागली. ब्लँकेट हिनं सकाळी टाकलं होतं तसंच चुरगळलेलं.

घरमालकीण दारातूनच म्हणाली, "ती नाही यायची आता. पहाटे कारखान्यात मशीनमध्ये ओढली गेली, जागच्या जागी गेली बिचारी. अख्खी कॉट हवी असेल तर आत्ताच सांग. खाली दोघीजणी थांबल्यात."

"हवी," ही म्हणाली. दुसरीचं नाव विचारायच्याही आधी.

मग हिनं घरी फोन लावला. "आई, अख्खी कॉट मिळाली."

"बघ!" आईचा आवाज आनंदानं भरून आला. "ऐकलं की नाही देवानं माझं?"