पाठीवर विमान असलेली पाणबुडी

मी आणि माझी नणंद मागच्या खोलीत बसून जहाजांची मॉडेलं बनवतो. या खेपेला संग्रहालयाने एक तऱ्हेवाईक पाणबुडी मागवली: पाठीवर विमानाची कोठी असलेली. पाणबुडी वर आली की विमान उडायचं, टेहळणी करून पाण्यावर उतरायचं, मग छोटी क्रेन त्याला उचलून आत घ्यायची.

मी अंगठ्याएवढं विमान केलं आणि पंख मिटून कोठीत पक्कं चिकटवून टाकलं. पण रोज जेवून यावं तर ते कोठीबाहेर, आणि ओलं! जिभेला लावलं तर खारट.

"वहिनी, हे तुझेच उद्योग!" नणंद हसायची.

"मला काय दुसरी कामं नाहीत?"

आज संध्याकाळी संग्रहालयाची माणसं मॉडेल न्यायला येणार होती. म्हणून चोर रंगेहाथ पकडायला आम्ही जेवणाची ताटं तिथेच घेतली. मी मीठ घ्यायला वळले, तेवढ्यात कोठी रिकामी!

"गेलं वाटतं फिरायला!" नणंद खिदळली. तिने चिमट्याने क्रेन बाहेर वळवून ठेवली. "लवकर ये रे बाबा, तुला न्यायला माणसं येतायत."

लांबून घरघर ऐकू आली. आम्ही टाळ्या पिटल्या. घरघर वाढत गेली, पेले थरथरायला लागले. दारं-खिडक्या बंद होत्या, तरी पंखांची सावली आली. आधी टेबलाएवढी, मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"वहिनी," नणंद अजून हसतच होती, "एवढं मोठं हे उतरणार कुठे?"

तेवढ्यात माझ्या पावलांना गार पाणी लागलं.